हळू बोला, ती झोपलीय

१

इमारतीत तिला सगळे इंजिनियरबाई म्हणत. हॉस्पिटलांमध्ये स्कॅनची मशीन बसवायची, ती सुरळीत चालेपर्यंत तिथंच ठाण मांडायचं आणि मग घरी परतायचं, हे तिचं काम. मशीन जायची पार जगाच्या दुसऱ्या टोकाला, जिथली माणसं आपल्याकडे सकाळचा चहा उकळत असताना अंथरुणं घालतात. त्यामुळे परतल्यावर बॅगा घरी पोचायच्या, बाई घरी पोचायची, झोप मात्र तिकडेच रेंगाळत राहायची. घरचे आंघोळीच्या घाईत असताना हिच्या डोळ्यांवर झापड यायची आणि घर आडवं झालं की ही टक्क जागी.

उपाय म्हणाल तर तिनं सगळे करून पाहिले होते. विमानात बसल्याबरोबर घड्याळ घरच्या वेळेवर लावून झालं, उपाशी राहून झालं, पाणी ढोसून झालं, उन्हात फिरून झालं. एकदा तर हट्टानं दिवसभर जागी राहिली. संध्याकाळी चहा करायला म्हणून उठली, गॅस सुरू केला, पेटवायचा विसरली आणि खुर्चीत जाऊन बसली. सासूबाईंना वास आला म्हणून निभावलं. त्या दिवशी तिनं घरात कायदा केला. झोप येईल तेव्हा झोपायचं, आणि झोपलेल्या बाईला कोणीही, कशासाठीही उठवायचं नाही. खोलीच्या दाराबाहेर निळ्या सपाता दिसल्या की ती आत झोपलीय असं समजायचं. सपाता नसल्या की उठली.

घर या कायद्यात चांगलं मुरलं होतं. नवरा घरीच गणिताच्या शिकवण्या घ्यायचा, म्हणून ती त्याला मास्तर म्हणायची आणि तिचं ऐकून सगळी इमारतच म्हणायची. सपाता बाहेर असल्या की मास्तरांची पोरं उत्तरंसुद्धा कुजबुजत द्यायची. सासूबाई भांडी एकेक करून फडक्यावर उपडी घालायच्या. दुसरीतली लेक भिंगरी, जिला एरवी एका जागी बसवायला दोन माणसं लागायची, ती चवड्यांवर चालायची आणि शिंक आली तर बाल्कनीत पळायची. समोरच्या काकूंनी एकदा काळजीनं विचारलंही होतं, घरात कोणी आजारी आहे का म्हणून. मास्तरांनी हसून सांगितलं की आजारी कोणी नाही, आमच्याकडे अजून रात्र आहे.

२

या खेपेला ती आली ती आठवडाभराची थकलेली. पोरीला कुरवाळलं, सगळ्यांना काय काय आणलं ते दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे सपाता बाहेर काढून, जाड पडदे ओढून आडवी झाली. अंग लाकडासारखं जड झालं होतं, पण झोप काही येईना. या कुशीवरून त्या कुशीवर करून कंटाळली. शेवटी उन्हात चक्कर मारून यावं म्हणून उठली. बूट बॅगेतच होते, ते खोलीत बसूनच पायांत चढवले आणि निघाली. मास्तर वह्यांत गढले होते, भिंगरी शाळेत होती, सासूबाई ओट्याकडे तोंड करून काहीतरी निवडत होत्या. कोणाला हाक मारायची गरज तिला वाटली नाही.

बागेत दोन फेऱ्या झाल्या. ऊन डोळ्यांत खुपत होतं, तरी बरं वाटलं. परत येऊन तिनं किल्लीनं दार उघडलं तर घर चिडीचूप. सासूबाई बैठकीत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा त्या झोपताना तेवढा काढत. पावलं ऐकून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गं बाई. सून झोपलीय आमची."

मला समोरच्या काकू समजल्या या, असं म्हणत ती हसली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, की अहो, मीच ती. सासूबाईंनी चष्मा तिच्याकडे वळवला. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस हसतं, तसं त्या हसल्या.

तेवढ्यात केस पुसत मास्तर आले. त्यांनीही हातानंच आवाज कमी करायची खूण केली आणि मग एकदम थांबले. तिच्याकडे पाहिलं, बोळाच्या टोकाशी असलेल्या सपातांकडे पाहिलं. "तू बाहेर होतीस होय?" म्हणाले. मघापासून आम्ही दोघं चोरासारखे वावरतोय, असं सांगून त्यांना हसू फुटलं. तीही हसली. सपाता आत घ्यायच्या राहिल्या, एवढंच. कायदा करणारीनंच कायदा मोडला म्हणून मास्तरांनी तिची फिरकी घेतली, आणि हे सगळं हसणंखिदळणं सवयीनं कुजबुजतच चाललं होतं.

तेव्हा आत पलंग करकरला. तिच्या बाजूची एक फळी ढिली होती. कूस बदलली की ती तशी वाजायची, कोणी नुसतं बसलं तर वाजत नसे. मास्तरांनीही ऐकलं असणार, कारण बोलता बोलता त्यांनी आवाज आणखी खाली आणला. आपण असं केलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ती बोळातून गेली आणि दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पांघरूण तिनं टाकलं होतं तसंच पडलं होतं. ते झटकून घडी घालावी म्हणून तिनं उशी उचलली. उशी उबदार होती.

३

लाकूड फुगतं, आकसतं, वाजतं. उशीत कापूस असतो, कापूस ऊब धरून ठेवतो. तिचा धंदाच कारणं शोधायचा. मशीन चुकीचं चित्र दाखवायला लागलं तर हॉस्पिटलातले लोक भुताटकी झाल्यासारखे बोलतात, आणि ही पंखा, तार, पट्टी असं एकेक वेगळं करत जाते आणि शेवटी कुठल्यातरी सैल स्क्रूवर बोट ठेवते. आपल्या घरातही असाच एखादा सैल स्क्रू असेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

पुढच्या दिवशी ती झोपायला गेलीच नाही. सपाता पायांतच ठेवल्या आणि सकाळपासून बाल्कनीत खुर्ची टाकून बसली. जागरणानं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं, तरी डुलकी म्हणून लागली नाही. भिंगरी शाळेतून आली, दप्तर फेकलं, आणि तिच्या मांडीवर चढून तिच्या उजव्या अंगठ्याशी चाळा करायला लागली. तापल्या सळईनं तारा जोडताना तिथं कधीतरी भाजलं होतं आणि गुळगुळीत डाग राहिला होता. भिंगरीला तान्हेपणापासून तो डाग चोळत झोपायची सवय.

"आई, तू झोपेत कुणाशी बोलत होतीस?" तिनं विचारलं.

कधी, असं विचारल्यावर पोरगी म्हणाली, की सकाळीच. शाळेत जायच्या आधी ती नेहमीसारखी खोलीत जाऊन हळूच पापा घेऊन आली होती. कायद्यात पापा घ्यायला मनाई नव्हती. "तुझं अंग केवढं गरम होतं. मला वाटलं ताप आला."

पोरीनं स्वप्न पाहिलं असेल, की कालची गोष्ट आजची म्हणून सांगत असेल? तिनं मास्तरांना विचारलं. तिला हवं होतं, की त्यांनी हसून पोरीला वेड्यात काढावं. मास्तर वह्या तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले, की अगं, दिवसभर तर झोपली होतीस, मी दोनदा डोकावून गेलो, घोरत होतीस चांगली. मग बाल्कनीत कोण बसलं होतं, असं तिनं विचारलं. त्यांनी मान वर केली, जरा गोंधळले, आणि म्हणाले, "बाल्कनीतही होतीस की. मधे उठली असशील."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी चहा ओतला तेव्हा चौघांसाठी तीनच कप भरले. ती समोरच बसली होती. तिनं स्वतःच उठून चौथा कप घेतला, आणि तिला फार एकटं वाटलं.

४

त्यानंतर तिला झोप अशी लागलीच नाही. डोळे मिटायचे, आत दिवा चालूच. आरशात बघवेना. घरातली माणसं तिच्याशी बोलत, नाही असं नाही. पण जाता जाता, अर्धं लक्ष भलतीकडे ठेवून, बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्याशी बोलावं तसं. आणि दिवसातून एकदा, ती कुठंही असो, घर आपोआप कुजबुजायला लागे.

तिनं या कुजबुजीवर लक्ष ठेवलं. ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं की कुजबुज सरकतेय. आधी ती सकाळच्या चहाच्या सुमाराला सुरू व्हायची. मग जेवणाच्या वेळेवर गेली. मग शिकवणीच्या वेळेला, तेव्हा पोरं वह्यांवर बोट ठेवून ओठ हलवत उत्तरं देऊ लागली. आता खाली मुलांचा खेळ रंगात येई तेव्हा सासूबाई रेडिओ बंद करत.

हे सरकणं तिच्या ओळखीचं होतं. प्रवासाहून आलेल्या अंगाला नव्या जागेची वेळ एकदम पटत नाही. ते रोज थोडं थोडं मान्य करतं, झोप रोज थोडी पुढं ढकलतं. आतली बाई नेमकं तेच करत होती, तेही शहाण्यासारखं, शिस्तीत. इंजिनियरबाईला आयुष्यात कधी इतकं नीट जमलं नव्हतं. आणखी काही दिवसांनी तिची झोप घराच्या झोपेला येऊन मिळेल. सगळ्यांबरोबर ती रात्री झोपेल.

म्हणजे सगळ्यांबरोबर सकाळी उठेल. हा विचार आला तेव्हा ती मोरीत उभी होती, तोंडावर पाणी मारत. उठून ती भिंगरीची वेणी घालेल, डबा भरेल, तिला खाली सोडायला जाईल. घर गेलं चुलीत, पलंग गेला, मास्तरही एक वेळ गेले. पोरगी तिला कोणाला द्यायची नव्हती.

५

सैल स्क्रू सापडत नसेल तर बिघडलेल्या भागाच्या जागी स्वतः हात घालून बघायचा, ही तिच्या कामातली शेवटची पायरी. त्या दिवशी कुजबुज सुरू व्हायच्या थोडं आधी ती खोलीत गेली, पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून झोपली. जागा अडवून ठेवायची, बघू कोण येतं ते. पडद्याच्या कडेनं उन्हाची बारीक रेघ येत होती. खाली चेंडूचे आवाज चालले होते.

बाहेर सासूबाईंनी विचारलं, "झोपली का?" मास्तर म्हणाले, "झोपली." रेडिओ बंद झाला. कोणीतरी चवड्यांवर येऊन दार ओढून घेतलं. मी जागी आहे, असं ओरडून सांगावं असं तिला वाटलं, पण आपल्यालाच हसू येईल म्हणून ती गप्प राहिली. कितीतरी दिवसांनी घर तिच्यासाठी कुजबुजत होतं आणि तिला ते आवडलं, हेही खरं.

मग तिला श्वास ऐकू आला. संथ, खोल, मधेच किंचित अडखळणारा. गाढ झोपेतला श्वास. आपलाच असणार, म्हणून तिनं स्वतःचा श्वास रोखून धरला. तो चालूच राहिला. तो तिच्या पाठीमागून येत होता आणि मानेवरचे केस प्रत्येक खेपेला जरासे हलत होते.

मागे वळून बघावं, एवढंच करायचं होतं. स्कॅनच्या मशीनच्या पोटात एकटी शिरणारी बाई ती, पण तिला वळवेना. जराशानं मागच्या बाजूला कोणीतरी कूस बदलली, फळी करकरली आणि पांघरूण तिच्या अंगावरून सरकन ओढलं गेलं, झोपेत माणूस ओढतं तसं, कसलाही राग नसताना.

ती कशी बाहेर आली ते तिला सांगता आलं नसतं. बोळात भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा मास्तर धावत आले. ओठांवर बोट ठेवून.

६

तिनं त्यांना सगळं सांगितलं. मास्तर माणूस भला. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, हात हातात घेतला. इतके दिवसांचं जागरण, असं होतं माणसाला, म्हणाले. तिनं विचारलं, की मग मला जागरण आहे हे मान्य ना? आत दिवसभर झोपते ती कोण? मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळवायचा प्रयत्न दिसला. जुळलं नाही, तसं त्यांनी ते सोडून दिलं. त्यांच्या वर्गातली पोरं अवघड गणित सोडून देतात, तसंच.

"मी तिला उठवते," ती म्हणाली आणि उठलीच.

बोळात मास्तरांनी तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी तिला असं धरलं नव्हतं. "उठवू नकोस," ते अगदी हळू म्हणाले. "तूच सांगितलंयस ना आम्हाला. कशासाठीही नाही."

दार त्या ओढाताणीत किंचित उघडलं गेलं. आत अंधुक उजेड होता. पलंगाच्या कडेला भिंगरी झोपली होती, खालून कधी आली कोण जाणे, तोंड थोडं उघडं, खेळून दमलेली. तिच्या पलीकडे पांघरुणाचा उंचवटा होता. पांघरुणातून एक हात बाहेर येऊन पोरीच्या मुठीत विसावला होता, आणि पोरीचं बोट त्या हाताच्या अंगठ्यावरचा गुळगुळीत डाग झोपेतही हळूहळू चोळत होतं.

इंजिनियरबाईनं आपला उजवा हात वर केला आणि बोळातल्या उजेडात धरला. अंगठा साफ होता. तिथं कधी काही भाजल्याची खूणसुद्धा नव्हती.

मास्तरांनी दार हलकेच ओढून घेतलं. तिनं ओढू दिलं. उठवायचं कशाला, असा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच स्पष्ट आला. उठवलं तर ती उठेल. नाही उठवलं तरी आपल्या वेळेला उठेल. एकच वाट शिल्लक होती. ती उठायच्या आत आपण झोपायचं, अशी झोप की सकाळी उठलो तर आपणच उठू.

ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी डोळे बघितले, नाडी बघितली, प्रवासानं होतं असं म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. सकाळचं ऊन घ्या, तेवढं चुकवू नका, असंही बजावलं. बाहेर बसलेली नर्स पुढचं नाव पुकारायला लागली तेव्हा इंजिनियरबाई अजून खुर्चीतून उठलीही नव्हती.

गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी जीभ जड झाली, पाय जड झाले, झोप आली नाही. ती बैठकीतल्या सोफ्यावर पडून राहायची आणि बोळाच्या टोकाकडे पाहायची. कुजबुज आता संध्याकाळ ओलांडून रात्रीच्या जेवणानंतर सुरू व्हायला लागली होती. मग एका रात्री कुजबुज वेगळी अशी झालीच नाही. घरातले सगळे एकाच वेळी दिवे मालवून झोपले.

७

उजाडलं तशी ती डॉक्टरांचा शब्द पाळायला बागेत गेली. दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं, आणि सूर्य अंगावर घेतला की झोपेला आपलं घर सापडतं, असं सगळेच सांगतात. बाकावर बसून तिनं तोंड उन्हाकडे केलं. कुठं गुदगुल्या केल्या की भिंगरीचं हसून पोट दुखतं, तिला डब्यात काय चालत नाही, ताप आला की ती कुठलं गाणं मागते, हे सगळं ती मनातल्या मनात घोकत राहिली. मग परीक्षेला निघाल्यासारखी ती घराकडे निघाली.

जिन्यातच तिला आवाज ऐकू आले. कोणाच्या तरी घरात मिक्सर चालला होता, रेडिओ मोठ्यानं लागला होता आणि कोणीतरी खदाखदा हसत होतं. मजा आहे बुवा यांची, असं वाटून तिला बरंच वाटलं. मग एक वळण चढल्यावर तिनं सासूबाईंचं हसणं ओळखलं. मास्तर आतून ओरडून मोजे कुठायत म्हणून विचारत होते. कितीतरी दिवसांत या घरात कोणी असं ओरडलं नव्हतं.

किल्ली फिरली, दार उघडेना. आतून कडी होती. तिनं बेल वाजवली.

दार भिंगरीनं उघडलं. गणवेश घातलेला, दोन्ही वेण्या घट्ट आणि सारख्या, भांग सरळ. इतका सरळ भांग या पोरीचा कधी पडला नव्हता, कारण ती मान स्थिर ठेवतच नसे. इंजिनियरबाईनं तिचं नाव घेतलं आणि हात पुढं केला. भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. अनोळखी माणूस दारात आलं तर काय करायचं, हे आईनंच तिला शिकवलं होतं. दाराची कड न सोडता ती एक पाऊल मागं सरली आणि आत बघून मोठ्यानं म्हणाली,

"आई, बाहेर कोणीतरी आलंय."

मिक्सर थांबला. "आले गं," असं आतून कोणीतरी म्हणालं. आवाज ताजातवाना होता, रात्रभर गाढ झोपून उठलेल्या माणसाचा.

बोळातून पावलं येऊ लागली. पोरीला उचलावं, काहीतरी बोलावं, निदान येणारीचं तोंड तरी बघावं, असं इंजिनियरबाईला आतून फार वाटत होतं. तिनं चौकटीला धरलं. पण इतक्या दिवसांची थकलेली झोप नेमकी आत्ता येऊन तिच्या डोळ्यांवर बसली होती, आणि पापण्या काही केल्या वर होईनात.